आकडा सुधारला, पण रोगी?

सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या बाजारातून एक औषध मागे घेत असल्याचे त्याच्या उत्पादक कंपनीने जाहीर केले. औषधाचे नाव ओबेटिकोलिक आम्ल. यकृताच्या एका दीर्घकाळ चालणाऱ्या विकारावर ते २०१६ पासून दिले जात होते. एखादे औषध बाजारातून मागे घेतले जाणे ही फार दुर्मीळ गोष्ट नाही. दुष्परिणाम उशिरा लक्षात येतात, मग तसे करावे लागते. या औषधाचेही दुष्परिणाम दिसलेच. पण त्याची हकिगत थोडी वेगळी आहे. रक्तातला जो आकडा खाली आणण्यासाठी ते मंजूर झाले, तो आकडा त्याने खरोखरच खाली आणला होता. त्याबद्दल वाद नाही. वाद आहे तो असा : आकडा खाली आला, त्याने रोग्याचे नेमके काय भले झाले?

हा प्रश्न फक्त डॉक्टरांचा नाही. कोणताही प्रयोग करताना काय मोजायचे हे आधी ठरवावे लागते, आणि जे ठरवले त्याचेच उत्तर प्रयोग देतो. शिक्षकांना तर हा प्रश्न रोज भेटतो. आपल्याला मोजायचे असते मुलाला विषय किती समजला ते, पण प्रत्यक्षात मोजतो त्याने उत्तरपत्रिकेत किती गुण मिळवले ते. दोन्हींचा संबंध आहे, पण दोन्ही एकच नाहीत. म्हणून यकृताच्या स्वप्रतिकारक विकारांवर गेल्या पन्नास-पंचावन्न वर्षांत झालेल्या संशोधनाकडे या लेखात आम्ही याच एका प्रश्नाच्या अंगाने पाहणार आहोत. आमचे म्हणणे सुरुवातीलाच सांगून टाकतो. या क्षेत्रातले संशोधन माणसे मोजण्याकडून रक्तातले आकडे मोजण्याकडे सरकले आहे. त्याला कारणे होती आणि ती खरी होती. पण आकड्यावर किती भिस्त ठेवावी याचा धडा याच क्षेत्रात एकदा मिळालेला असताना तो पुरेसा लक्षात ठेवला गेला नाही.

पहारेकरीच उलटला तर

आपल्या शरीरातील प्रतिकारयंत्रणा बाहेरून आलेले जंतू आणि आपल्या स्वतःच्या पेशी यांतला फरक ओळखते. काही वेळा ही ओळख चुकते आणि यंत्रणा आपल्याच पेशींवर हल्ला करू लागते. अशा विकारांना स्वप्रतिकारक विकार म्हणतात. डॉक्टरांच्या बोलण्यात आपण ‘ऑटोइम्यून’ हा शब्द ऐकतो, तो यांच्याबद्दलच.

यकृताच्या बाबतीत हे घडावे याचे विशेष वाटते. आतड्यात शोषलेले बहुतेक पदार्थ घेऊन येणारे रक्त आधी यकृतात येते. त्यात अन्नातले परके पदार्थ असतात, आतड्यातल्या जिवाणूंचे अंश असतात. या प्रत्येकावर प्रतिकारयंत्रणा तुटून पडली असती, तर यकृत कायमच सुजलेले राहिले असते. म्हणून यकृतातली प्रतिकारयंत्रणा मुळातच सोशिक असते. हा सोशिकपणा का संपतो, याचे पूर्ण उत्तर अजून मिळालेले नाही.

या गटात तीन विकार मुख्य आहेत. पहिल्यात हल्ला थेट यकृताच्या पेशींवर होतो. त्याला स्वप्रतिकारक यकृतदाह म्हणू. दुसऱ्यात यकृताच्या आतल्या अगदी बारीक पित्तनलिका हळूहळू नष्ट होतात. हा मुख्यतः मध्यम वयाच्या स्त्रियांना होतो. दहा रोग्यांत साधारण नऊ स्त्रिया असतात. त्याला आपण या लेखापुरते पित्तनलिकादाह म्हणू. तिसऱ्यात यकृतातल्या आणि यकृताबाहेरच्या मोठ्या पित्तनलिका जागोजागी आवळल्या जातात. त्याला नलिका-आकुंचन म्हणू. या तिसऱ्यात स्वप्रतिकाराचा वाटा किती, याबद्दल मतभेद आहेत, पण अभ्यास तिन्हींचा बरोबरच होतो. तिन्ही वाटा शेवटी एकाच ठिकाणी जाऊ शकतात. यकृतात व्रणाच्या ऊती वाढत जातात, ते कठीण होते, म्हणजेच सिरॉसिस होतो, आणि मग यकृतरोपणाखेरीज फारसा उपाय उरत नाही.

माणसे मोजणाऱ्या चाचण्या

तरुण स्त्रियांत आढळणाऱ्या अशा यकृतदाहाचे वर्णन स्वीडनच्या यान वाल्डेनश्ट्रोम यांनी १९५० साली केले. पुढे मेलबर्नच्या इयन मॅके यांनी स्वप्रतिकाराचा विचार ठामपणे मांडला. त्या काळी या रोगाचे निदान म्हणजे थोड्या वर्षांचे आयुष्य असाच अर्थ असे. स्टिरॉइड गटातील औषधे सूज उतरवतात हे माहीत होते, पण ती दिल्याने माणूस वाचतो की केवळ तपासण्या बऱ्या दिसतात, हे ठाऊक नव्हते.

लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये शीला शेरलॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा प्रश्न थेट विचारला. ४९ रोगी घेतले. त्यांतल्या २२ जणांना प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड दिले, २७ जणांना दिले नाही. काही वर्षे वाट पाहिली आणि दोन्ही गटांतले मृत्यू मोजले. १९७१ साली प्रसिद्ध झालेला निकाल असा होता : औषध घेणाऱ्या २२ पैकी ३ जणांचा मृत्यू झाला, न घेणाऱ्या २७ पैकी १५ जणांचा. पुढच्याच वर्षी अमेरिकेतील मेयो क्लिनिकमधल्या चाचणीनेही असाच निष्कर्ष दिला. ॲझाथायोप्रिन हे दुसरे औषध सुरुवातीला एकटेच दिले तर उपयोग होत नाही, पण स्टिरॉइडच्या जोडीला दिले तर स्टिरॉइडची मात्रा कमी करता येते, हेही तिथे दिसले. आज पन्नासहून अधिक वर्षांनंतरही या रोगाच्या उपचाराचा पाया हीच दोन औषधे आहेत.

या चाचण्या आजच्या मानाने अगदी लहान होत्या. पण त्यांनी विचारलेला प्रश्न आणि मोजलेली गोष्ट एकच होती. माणूस जगला की नाही, याच्या अर्थाबद्दल शंका घ्यायला जागा नसते.

बदली मोजमाप कसे आले

मग हीच पद्धत पुढे का चालू राहिली नाही? पित्तनलिकादाहाकडे पाहिले की याचे उत्तर मिळते. हा रोग फार सावकाश वाढतो. सुरुवातीला थकवा आणि खाज एवढेच जाणवते, काहींना तेही नाही. निदान झाल्यावर रोगी दहा-वीस वर्षे, कधी त्याहूनही अधिक जगतो. या रोगाच्या जुन्या नावात ‘सिरॉसिस’ हा शब्द होता. बहुतेक रोग्यांना निदानाच्या वेळी सिरॉसिस नसतोच, म्हणून २०१५ साली ते नाव बदलावे लागले. अशा रोगात मृत्यू मोजायचे तर हजारो रोगी आणि दहा-पंधरा वर्षे हवीत. तोवर आजचे रोगी थांबणार कसे?

येथे अल्कलाइन फॉस्फटेज हे विकर, म्हणजे एन्झाइम, उपयोगी पडले. पित्ताच्या वाटेत अडथळा आला की रक्तात त्याचे प्रमाण वाढते. ते हाडांतूनही येते. वाढत्या वयाच्या मुलांत म्हणूनच ते मोठ्या माणसांपेक्षा जास्त असते आणि तो रोग नसतो. २०१४ साली युरोप आणि उत्तर अमेरिकेतील पंधरा केंद्रांनी ४,८४५ रोग्यांच्या जुन्या नोंदी एकत्र करून प्रसिद्ध केल्या. ज्यांच्या रक्तात हे विकर आणि बिलिरुबिन हे पित्तरंजक कमी राहिले, ते यकृतरोपणाविना जास्त वर्षे जगले, असे त्यातून दिसले. हे काम अतिशय मोलाचे आहे. वर्षानुवर्षे नोंदी ठेवल्याशिवाय ते झालेच नसते.

यातून विचार निघाला, की जगणे मोजायला पंधरा वर्षे लागतात, तर त्याऐवजी विकर मोजावे. वर्षभरात उत्तर मिळेल. शाळेत बदली शिक्षक येतात तसे हे बदली मोजमाप. बदली शिक्षक चांगलेही असतात, पण ते नेमके काय शिकवत आहेत याकडे मुख्याध्यापकांना लक्ष ठेवावे लागते.

धडा आधीच मिळाला होता

अर्सोडिऑक्सिकोलिक आम्ल हे पित्तातलेच एक आम्ल आहे. अस्वलाच्या पित्तात ते भरपूर असते, आपल्यात अगदी थोडे. पित्तनलिकादाहात ते उपयोगी पडेल असे फ्रान्समधील संशोधकांनी १९८७ साली दाखवले आणि १९९७ साली अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली. आजही या रोगाचे पहिले औषध तेच आहे.

साहजिकच ते नलिका-आकुंचनातही देऊन पाहिले गेले. नेहमीच्या मात्रेत स्पष्ट फायदा दिसेना, म्हणून मात्रा वाढवली. वजनाच्या दर किलोमागे २८ ते ३० मिलिग्रॅम, म्हणजे पित्तनलिकादाहातल्या मात्रेच्या साधारण दुप्पट. अमेरिकेतील या चाचणीत १५० रोगी होते. तिचा निकाल २००९ साली प्रसिद्ध झाला. औषध घेणाऱ्यांच्या रक्ततपासण्या सुधारल्या, अल्कलाइन फॉस्फटेज तुलनेच्या गटापेक्षा जास्त खाली आले. आणि याच गटात मृत्यू, यकृतरोपण व इतर गंभीर घटनांचा धोका मात्र दुपटीहून अधिक निघाला. चाचणी मध्येच थांबवावी लागली.

ही गोष्ट क्षणभर थांबून समजून घेण्यासारखी आहे. या चाचणीत फक्त विकर मोजले असते, तर औषध यशस्वी ठरले असते. डॉक्टरांनी ते विश्वासाने लिहून दिले असते, रोग्यांनी आनंदाने घेतले असते. संशोधकांनी माणसे मोजली म्हणूनच हे टळले. रोग वेगळा होता हे खरे, पण यकृत तेच होते आणि विकरही तेच.

एका मंजुरीची हकिगत

आता सुरुवातीच्या औषधाकडे येऊ. पित्तनलिकादाहाच्या बऱ्याच रोग्यांना अर्सोडिऑक्सिकोलिक आम्लाचा पुरेसा उपयोग होत नाही. त्यांच्यासाठी ओबेटिकोलिक आम्ल आले. पित्ताम्लातच थोडा रासायनिक बदल करून ते बनवले आहे. यकृतात पित्ताम्ले किती तयार व्हावीत यावर लक्ष ठेवणाऱ्या एका ग्राहीला ते चालना देते आणि पित्ताम्लांची निर्मिती कमी होते. कल्पना चांगली होती.

२१७ रोग्यांवर वर्षभर चाचणी झाली. विकर ठरलेल्या पातळीखाली आणि बिलिरुबिन मर्यादेत, असे ध्येय होते. औषध घेणाऱ्यांपैकी ४६-४७ टक्क्यांनी ते गाठले. बिनऔषधी गोळी घेणाऱ्यांपैकी १० टक्क्यांनी. आकड्यांत फरक मोठा होता. पण खाज, जी या रोगातली सर्वांत त्रासदायक तक्रार, ती औषधाने वाढली. म्हणजे आकडा सुधारत होता तेव्हाच रोग्याला स्वतःला जाणवणारी गोष्ट बिघडत होती. तरीही मे २०१६ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्वरित मंजुरी दिली. गंभीर रोगांवरची औषधे लवकर मिळावीत म्हणून १९९२ साली, एड्सच्या साथीच्या काळात, ही सोय झाली होती. तिची अट अशी असते, की पुढे मोठी चाचणी करून खरा फायदा सिद्ध करावा.

ती चाचणी झाली. तीत ३३४ रोगी होते. मृत्यू, यकृतरोपण आणि यकृत निकामी होण्याच्या घटना या वेळी मोजल्या. औषधाच्या गटात अशा घटना २८.६ टक्के रोग्यांत घडल्या, बिनऔषधी गोळीच्या गटात २८.९ टक्के. म्हणजे फरक नाहीच. दरम्यान औषधानेच यकृताला इजा होऊन काही रोगी दगावल्याचे वृत्त २०१७ साली आले. त्यांतल्या काहींचा रोग पुढे गेलेला होता आणि त्यांना ठरल्यापेक्षा जास्त वेळा औषध दिले गेले होते. २०१८ साली वेष्टनावर ठळक इशारा आला. २०२१ साली पुढच्या टप्प्यातील सिरॉसिसमध्ये ते देऊ नये असे सांगितले गेले. २०२४ साली सिरॉसिस नसलेल्या रोग्यांतही इजा होऊ शकते असा इशारा द्यावा लागला. त्याच वर्षी युरोपच्या औषध यंत्रणेने मंजुरी रद्द करण्याची शिफारस केली आणि पुढच्या वर्षी अमेरिकेतूनही औषध गेले.

येथे दुसरी बाजू सांगितली पाहिजे, नाहीतर आमची टीका एकांगी होईल. मोठी चाचणी मध्येच थांबली, याचे एक कारण असे की औषध बाजारात मिळू लागल्यावर बिनऔषधी गोळीवर राहायला कोण तयार होणार? अनेक रोगी चाचणी सोडून गेले किंवा बाहेरून दुसरे औषध घेऊ लागले. तेव्हा दोन गटांतला फरक पुसट झाला असेल, असा युक्तिवाद झाला. औषध घेणाऱ्यांची तुलना इतर नोंदींमधील रोग्यांशी केली असता फायदा दिसतो, असे काही अभ्यास सांगतात. औषधाने आपल्याला बरे वाटले असे सांगणारे रोगीही पुढे आले. म्हणून ‘हे औषध निरुपयोगीच होते’ असे आम्ही म्हणत नाही. नऊ वर्षे बाजारात राहूनही ते उपयोगी आहे की नाही हे नीट कळले नाही, एवढेच आम्ही म्हणतो. आणि आमच्या मते खरी तक्रार हीच आहे. लवकर मंजुरी देण्याच्या व्यवस्थेनेच नंतरचा पुरावा गोळा करणे अवघड करून ठेवले.

चूक नेमकी कोठे?

२०१४ चा अभ्यास चुकीचा होता का? नाही. विकर कमी असलेले रोगी जास्त जगतात, हे त्याने दाखवले आणि ते खरे आहे. पण त्यावरून ‘कोणत्याही उपायाने विकर कमी केले तर रोगी जास्त जगेल’ असा निष्कर्ष निघत नाही. ही दुसरी पायरी आहे आणि ती प्रत्येक औषधासाठी वेगळी सिद्ध करावी लागते.

वर्गातले उदाहरण घेऊ. ज्या मुलांच्या वह्या पूर्ण असतात, त्यांना बहुधा गुण चांगले मिळतात. कोणीही शिक्षक हे सांगेल. पण शाळा तपासणीच्या आदल्या दिवशी सगळ्या वर्गाला फळ्यावरून उत्तरे उतरवून वह्या पूर्ण करायला लावल्या, तर वर्ग हुशार होईल का? पूर्ण वही ही नियमित अभ्यासाची खूण होती. खूणच तयार केली की तिचा अभ्यासाशी असलेला धागा तुटतो. विकराचेही तसेच होऊ शकते. रोग शमल्यामुळे ते उतरले असेल, किंवा रोग तसाच ठेवून औषधाने एखाद्या आडवाटेने ते उतरवले असेल. शिवाय औषध एका वाटेने फायदा आणि दुसऱ्या वाटेने अपाय करत असेल, तर तो अपाय या एका आकड्यात दिसतच नाही.

आता पुढे काय चालले आहे

२०२४ साली याच रोगावर आणखी दोन औषधांना अमेरिकेत त्वरित मंजुरी मिळाली. जूनमध्ये एलाफिब्रॅनॉरला आणि ऑगस्टमध्ये सेलाडेलपारला. दोन्ही चाचण्या साधारण एक वर्षाच्या होत्या आणि दोन्हींत मुख्य मोजमाप तेच विकर आणि तेच बिलिरुबिन. पहिल्यात ५१ टक्के विरुद्ध ४ टक्के, दुसऱ्यात सुमारे ६२ टक्के विरुद्ध २० टक्के असे निकाल आले. आकडे उत्तम आहेत. औषधेही चांगली असतील, तसे ठरावे अशी आमचीही इच्छा आहे. पण यकृत वाचते आणि आयुष्य वाढते हे मंजुरीच्या वेळी सिद्ध झालेले नव्हते आणि ते पुढे सिद्ध करण्याची अट याही वेळी घातलेली आहे. पहिल्या औषधाच्या वेळी या अटीचे काय झाले ते आपण पाहिलेच.

एक गोष्ट मात्र स्वागतार्ह आहे. सेलाडेलपारच्या चाचणीत खाजेची तीव्रता रोग्यांना विचारून नोंदवली आणि जास्त खाज असलेल्यांना औषधाने आराम पडला. रोग्याला रात्री झोप लागते की नाही, हेही मोजण्यासारखे असते आणि त्याला पंधरा वर्षे लागत नाहीत.

बदली मोजमापाचा आणखी एक परिणाम सहसा बोलला जात नाही. जेथे सोयीचा आकडा आहे तेथे संशोधन वेगाने जाते, जेथे नाही तेथे ते रेंगाळते. पित्तनलिकादाहासाठी दहा वर्षांत तीन औषधे मंजूर झाली. नलिका-आकुंचनात विकर आपोआपच वरखाली होत राहते, त्यामुळे तेथे सर्वमान्य आकडा नाही. आणि रोगाची वाटचाल थांबवते असे सिद्ध झालेले औषधही नाही. स्वप्रतिकारक यकृतदाहात अजून स्टिरॉइडवरच भर आहे. स्टिरॉइडने चेहरा सुजतो, वजन वाढते, हाडे ठिसूळ होतात. तरुण मुली या कारणाने गोळ्या सोडतात आणि रोग उलटतो. येथेही अलीकडे यकृताची विकरे आणि रक्तातील एक प्रतिपिंडवर्ग सहा महिन्यांत पूर्ववत होणे, हीच उपचाराच्या यशाची व्याख्या ठरली आहे. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या, मायकोफेनोलेट आणि ॲझाथायोप्रिनची तुलना करणाऱ्या चाचणीतही २४ आठवड्यांनंतरचे हेच आकडे मोजले. या रोगात आज कोणाला बिनऔषधी ठेवणे अन्यायाचे होईल, त्यामुळे १९७१ सारखी चाचणी पुन्हा करता येणार नाही, हे मान्य. पण रक्त सुधारल्यावरही यकृताच्या तुकड्यात सूज शिल्लक राहिलेली आढळते, हेही डॉक्टरांना ठाऊक आहे.

मूळ कारणाचा शोध तर याहून मागे आहे. पित्तनलिकादाहाच्या रोग्यांच्या रक्तात पेशीतील तंतुकणिकांविरुद्धची प्रतिपिंडे असतात, हे १९६५ साली लंडनमध्ये आढळले. ती नेमक्या कोणत्या प्रथिनाविरुद्ध आहेत, हे १९८७-८८ मध्ये उलगडले. ते प्रथिन शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीत असते. मग हल्ला फक्त बारीक पित्तनलिकांवरच का? यावर अनेक तर्क आहेत, पण या ज्ञानातून निघालेले औषध अजून नाही. वर मंजूर झालेली तिन्ही औषधे पित्ताच्या कामात हात घालतात. पहारेकरी का उलटला, या प्रश्नाला ती मुख्यतः हात लावत नाहीत.

आपल्याकडचे एक उदाहरण

माणसांकडे पाहणारे संशोधन नेहमी खर्चिकच असते असे नाही. २०२० साली कोविडच्या साथीत प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून घरोघरी गुळवेलीचा काढा घेतला जात होता, ते आपल्याला आठवत असेल. मुंबईतील काही डॉक्टरांना काविळीच्या रोग्यांत एक साम्य दिसले. ते गुळवेल घेत होते आणि त्यांचा यकृतदाह स्वप्रतिकारक यकृतदाहासारखा दिसत होता. त्यांनी अशा सहा रोग्यांची नोंद २०२१ साली प्रसिद्ध केली. केंद्राच्या आयुष मंत्रालयाने तिला आक्षेप घेतला. वनस्पतीची ओळख चुकली असेल, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे २०२२ साली देशातील अनेक केंद्रांनी मिळून अशा ४३ रोग्यांची नोंद केली.

या अभ्यासांना मर्यादा आहेत. तुलनेचा गट नाही, आणि गुळवेल घेणाऱ्या किती जणांपैकी एकाला असे होते, हे त्यांवरून सांगता येत नाही. तरीही रोग्याला ‘काय खाता, काय पिता’ असे विचारून ते नीट लिहून ठेवण्यातून एक महत्त्वाचा प्रश्न पुढे आला. यकृताच्या स्वप्रतिकारक विकारांच्या दीर्घकालीन नोंदी आपल्याकडे अशाच ठेवल्या गेल्या पाहिजेत. ज्या ४,८४५ रोग्यांवरून जगभराचे आकडे ठरले, ते सारे युरोप आणि उत्तर अमेरिकेतले होते.

मग काय करावे?

बदली मोजमाप टाकून द्यावे असे आम्ही सुचवत नाही. परीक्षेतील गुण अपुरे आहेत म्हणून आपण परीक्षा बंद करत नाही. पण तीन गोष्टींचा आग्रह धरता येईल. आकड्याबरोबर रोग्याला जाणवणारी निदान एक गोष्ट प्रत्येक चाचणीत मोजावी. पक्का पुरावा देणारी चाचणी औषध बाजारात येण्याआधीच भरत आलेली असावी, म्हणजे तुलनेचा गट पळून जाणार नाही. आणि मंजुरी आकड्यावर मिळाली असेल तर ‘या औषधाने आयुष्य वाढते असे अजून सिद्ध झालेले नाही’ हे वाक्य रोग्याला समजेल अशा भाषेत त्याला सांगितले जावे.

शिक्षकांसाठी यात आणखी एक काम आहे. वर्तमानपत्रात ‘नव्या औषधाचा ५१ टक्के रुग्णांना लाभ’ अशी बातमी आली, की ती वर्गात वाचावी आणि मुलांना चार प्रश्न विचारावेत. लाभ म्हणजे नेमके काय मोजले? किती काळ मोजले? कोणाशी तुलना केली? मध्येच किती जण सोडून गेले? नववी-दहावीच्या मुलांना या प्रश्नांसाठी यकृताची रचना पाठ असण्याची गरज नाही. बातमीत उत्तरे सापडली नाहीत, तर कोणती सापडली नाहीत हे त्यांनी वहीत लिहावे. पुढे त्यांच्यातील कोणी डॉक्टर होईल, कोणी औषध कंपनीत जाईल, बहुतेक जण कधी ना कधी रोगी म्हणून डॉक्टरांसमोर बसतील. त्या वेळी तपासणीचा कागद हातात घेऊन ‘आकडा कमी झाला, पण मला याचा काय उपयोग होणार?’ असे विचारायला ते कचरणार नाहीत, अशी आम्हाला आशा आहे.